धरणाच्या तळाशी ऑक्सिजन शून्य, तरी ऑक्सिजनवर जगणारे बॅक्टेरिया तिथे कसे?

प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका धरणातून फेब्रुवारीत आणि मे महिन्यात पाणी घेतलं, प्रत्येक वेळी एक बाटली वरून आणि एक तळाजवळून, साधारण वीस मीटरवरून. मे मध्ये तळाशी डीओ मीटर (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा) सरळ शून्य दाखवत होता. पण १६एस सिक्वेन्सिंगमध्ये, म्हणजे पाण्यातल्या डीएनएमधलं १६एस जनुक वाचून बॅक्टेरिया ओळखतात त्यात, त्याच पाण्यात एसी-वन, पॉलिन्युक्लिओबॅक्टर असे वरच्या पाण्यात दिसणारे, ऑक्सिजनवर जगणारे बॅक्टेरिया बऱ्यापैकी निघाले, मिथेन खाणारे तर वरच्यापेक्षा जास्त निघाले, सल्फेट वापरणारे अगदी थोडे, आणि एकूण विविधता कमी होण्याऐवजी वाढली. गाईड म्हणतायत सॅम्पल कन्टॅमिनेट झालंय, टाकून द्या. टाकायचं का?

टाकू नका. निदान एवढ्यात तरी नको. तुम्ही सांगितलेल्या चारही गोष्टी एकत्र बघितल्या तर मला त्या उष्ण प्रदेशातल्या, पावसाच्या मऊ पाण्याच्या, दोन-तीन महिने थर धरून बसलेल्या (म्हणजे वरचं तापलेलं हलकं पाणी खालच्या पाण्यात मिसळत नाही अशा) धरणाच्या अगदी ओळखीच्या खुणा वाटतात. कन्टॅमिनेशन नसेलच असं मी इथून सांगू शकत नाही, पण ते तपासायची एक सोपी पद्धत आहे आणि त्यासाठी लागणारा डेटा तुमच्याकडे आत्ताच आहे. ती खाली सांगतो.

खरी अडचण मला वेगळीच दिसते. ऑक्सिजन संपला ही एक घटना आहे आणि ती घडली की जुने बॅक्टेरिया गेले, नवे आले असं आपण गृहीत धरतो, पुस्तकातली आकृतीही तशीच असते, वर निळा थर, खाली काळा, मध्ये एक रेघ. माझ्या कामात मला उलट दिसत आलंय. मीटरवर शून्य येतं त्या दिवशी तळाच्या पाण्यातली मंडळी आदल्या दिवसासारखीच असतात. शून्य आल्यावर मोजायला सुरुवात करायची, की आता किती दिवस झाले आणि तेव्हा पाण्यात ऑक्सिजनशिवाय काय काय शिल्लक होतं. या दोन गोष्टी माहीत नसतील तर बॅक्टेरियांच्या नावांची यादी कितीही लांब असली तरी तिचा अर्थ लागत नाही.

आधी पाण्याचं बोलू, कारण आपल्याकडची धरणं आणि ज्यांच्यावर बहुतेक पेपर निघालेत ते थंड देशातले तलाव यांच्यात मोठा फरक आहे. २५ अंशाचं पाणी २६ अंश झालं की घनता जेवढी कमी होते ती ४ चं ५ अंश होताना होणाऱ्या बदलाच्या जवळपास तीस पट असते. म्हणजे आपल्याकडे वर-खाली तीन-चार अंशांचा फरक पडला तरी थर घट्ट बसतो, वारा त्याला सहज मोडू शकत नाही. त्यात २५ अंशाच्या पाण्यात ऑक्सिजन मावतोच मुळी सव्वाआठ मिलिग्रॅम प्रति लिटर, १० अंशाच्या पाण्यात सव्वाअकरा मावतो. आणि ढोबळमानाने दहा अंश वाढले की सूक्ष्मजीवांचं श्वसन दुप्पट होतं. म्हणजे पुंजी कमी आणि खर्च जास्त. विस्कॉन्सिनमधला मेंडोटा तलाव घ्या, २५ मीटर खोल, पोषकद्रव्यांनी भरलेला, तिथल्या विरघळलेल्या वायूंवर बर्ज आणि ज्युडे यांनी १९११ मध्येच मोठं काम छापलं होतं, तर तिथे वसंतात पाणी मिक्स होतं आणि जुलैच्या आसपास तळ ऑक्सिजनहीन होतो, तेही तळाचं पाणी चांगलं थंड असताना. आपल्या कोमट तळाला एवढा वेळ लागण्याचं कारण नाही. तळावर पालापाचोळा किंवा बुडालेलं जंगल असेल तर आणखीनच लवकर.

आता ऑक्सिजन गेल्यावर काय होतं. श्वसन थांबत नाही, फक्त इलेक्ट्रॉन कुणाला द्यायचे ते बदलतं. विहीर आटली की गाव आडाकडे जातं, आड आटला की टँकरची वाट बघतं, तसंच, आधी जे सगळ्यात फायद्याचं ते वापरायचं. ऑक्सिजननंतर नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, मग सल्फेट, आणि शेवटी कार्बन डायऑक्साइडपासून मिथेन. क्रम बरोबर आहे पण तो शाळेच्या तासांसारखा घंटा वाजून बदलतो असं समजू नका, दोन-तीन गोष्टी एकाच वेळी चालू असतात, आणि मुख्य म्हणजे गाळात हा सगळा क्रम काही सेंटिमीटरमध्ये आधीपासूनच उरकलेला असतो. वरच्या पाण्यात ऑक्सिजन असतानाही गाळात मिथेन तयार होतच असतो आणि वर झिरपतच असतो.

हे नुसतं थिअरीत नाही. तिलारी धरणावर, म्हणजे आपल्या दोडामार्गचं, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी नायट्रेटमधल्या नायट्रोजन आणि ऑक्सिजनच्या समस्थानिकांवर (एकाच मूलद्रव्याची हलकी आणि जड रूपं) काम केलंय, २०१७ मध्ये छापून आलंय. त्यांना दिसलं की हे पाणी वसंत-उन्हाळ्यात आणि पुन्हा पावसाळ्यानंतर शरदात थर धरतं, नैऋत्य मोसमी पावसात आणि हिवाळ्यात मिक्स होतं. उन्हाळ्यात तळाशी ऑक्सिजन संपतो आणि उरलेल्या नायट्रेटमध्ये जड नायट्रोजनचं प्रमाण वाढतं, कारण नायट्रेट वापरणारे बॅक्टेरिया हलका नायट्रोजन आधी उचलतात आणि जड मागे राहतो. मला हा अभ्यास फार आवडतो. एकाही बॅक्टेरियाचं नाव न घेता तिथे काय चाललंय ते पाण्यानेच सांगितलं. तुम्ही याच पट्ट्यातल्या धरणावर काम करताय तर हा पेपर आधी वाचा, तुमच्या फेब्रुवारी आणि मे या तारखांना काय अर्थ आहे ते लगेच कळेल, फेब्रुवारीचं पाणी वरपासून खालपर्यंत जवळजवळ एकच होतं आणि मे चं तळाचं पाणी म्हणजे तेच जुनं पाणी, वरचा थर तापल्यावर खाली कोंडलेलं.

आता तुमचा पहिला मुद्दा, ऑक्सिजनवाले तिथे कसे. इथे मला चार शक्यता दिसतात आणि त्या एकमेकींना कापत नाहीत. एक म्हणजे कोंडलेल्या पाण्यात फेब्रुवारीपासूनचे जीव अजून आहेत, काही उपाशी जिवंत, काही मेलेले पण डीएनए शाबूत. १६एसला जिवंत-मेलेला कळत नाही. दुसरं म्हणजे मीटरचं शून्य हे खरं शून्य नसतं. चांगल्या ऑप्टिकल सेन्सरलाही काही मायक्रोमोलरच्या (नॅनोमोलर त्याचा हजारावा हिस्सा) खाली नीट दिसत नाही, आणि बॅक्टेरियांकडे ऑक्सिजन खेचून घेणारी अशी एन्झाइम असतात की त्यांना त्याच्या कितीतरी पट कमी पुरतो, २०१० मध्ये स्टोल्पर, रेव्हस्बेक आणि कॅनफील्ड यांनी दाखवलं की साधा ई. कोलाय ३ नॅनोमोलर किंवा त्याहून कमी ऑक्सिजनवर ऑक्सिजन वापरतच वाढतो. थरांमध्ये आतल्या आत लाटा चालतात, वारा पडला-उठला की थर्मोक्लाइन, म्हणजे कोमट आणि थंड थरांमधली सीमा, वर-खाली हलते आणि थोडा ऑक्सिजन खाली उतरतो. तो मीटरला दिसायच्या आत खाल्ला जातो. तिसरी शक्यता अशी की ज्याला आपण ऑक्सिजनवाला म्हणतो त्याच्याकडे नायट्रेटवर जगायची जनुकंही असतात, किंवा त्याच वंशातला दुसरा स्ट्रेन, म्हणजे उपप्रकार, असतो. जीनसच्या (प्रजातीच्या वरच्या गटाच्या) नावापर्यंतच पोचणाऱ्या १६एसच्या तुकड्यावरून हे ठरवता येत नाही. आणि चौथी शक्यता बाटली गळाल्याची, जी तुमचे गाईड म्हणतायत.

पहिली आणि चौथी शक्यता वेगळी काढायची पद्धत अशी. तळाच्या मे च्या सॅम्पलमधले फक्त वरच्या पाण्यातले वाटणारे प्रकार बाजूला काढा आणि त्यांचं एकमेकांशी असलेलं प्रमाण बघा. बाटली वर येताना वरचं पाणी शिरलं असेल तर ते प्रमाण मे च्या वरच्या सॅम्पलसारखं असायला हवं, कारण गळती निवड करत नाही, जे आहे ते सगळं आत घेते. पण हे फेब्रुवारीचे उरलेले असतील तर प्रमाण फेब्रुवारीच्या जवळ जाईल, थोडं बिघडलेलं, कारण काही लवकर मेले, काही टिकले. एएसव्ही पातळीवर (एका अक्षराचा फरक असला तरी वेगळा धरलेला डीएनए क्रम) बघा, जीनसवर नको. सायनोबॅक्टेरिया आणि शेवाळाचे क्लोरोप्लास्ट यातून वगळा, ते वरून बुडून खाली येतातच, त्यांच्यावरून काहीच ठरत नाही. आणि त्याच बाटलीतलं अमोनियम, नायट्रेट, कंडक्टिव्हिटी (पाण्याची वीज वाहून नेण्याची क्षमता, विरघळलेल्या क्षारांचा अंदाज) मोजली असेल तर तेही बघा, वरचं पाणी मिसळलं असेल तर तिथेही दिसेल. बाटलीतलं पाणी उघड्यावर ठेवल्यावर तासाभरात तपकिरी गढूळ झालं होतं का आठवतंय का? झालं असेल तर विरघळलेलं लोह होतं, म्हणजे पाणी खरंच तळाचं होतं.

मिथेनवाल्यांचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही. त्यांना खालून मिथेन हवा आणि वरून ऑक्सिजन, त्यामुळे दोन्ही जिथे भेटतात त्या रेषेवर ते दाट असतात, आणि मेथिलोबॅक्टर सारखे तर रेषेच्या खाली, ऑक्सिजन मोजताच येत नाही अशा पाण्यातही अनेक तलावांत सापडलेत. त्यांना ऑक्सिजन कुठून मिळतो यावर बरीच वर्षं डोकेफोड चालू आहे. स्वित्झर्लंडमधल्या कादान्यो तलावात, १९२१ मीटर उंचीवरचा छोटा तलाव, फक्त २१ मीटर खोल, २०१५ मध्ये मिलुका आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ऑक्सिजनहीन थरातच उजेड पोचतो तिथले प्रकाशसंश्लेषण करणारे जीव ऑक्सिजन बनवतात आणि तो तयार होताक्षणी मिथेनवाले वापरून टाकतात, म्हणून मीटरला काहीच दिसत नाही. तुमच्या धरणात वीस मीटरवर उजेड पोचतो का हे पाण्याच्या गढूळपणावर आहे, सेक्की डिस्क (दोरीने पाण्यात सोडायची पांढरी किंवा काळी-पांढरी तबकडी) टाकून बघा, दोन मीटरला दिसेनाशी होत असेल तर ही शक्यता सोडून द्या. अजून एक गट आहे, मेथिलोमिराबिलिस, हे नायट्राइटपासून स्वतःच्या पेशीतच ऑक्सिजन बनवतात आणि त्याने मिथेन जाळतात, २०१० मध्ये कळलेली गोष्ट. तुम्ही मिथेनवाले मोजायला पीएमओए जनुकाचे (मिथेन जाळणाऱ्या एन्झाइमचं जनुक) नेहमीचे प्रायमर, म्हणजे ते जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे, वापरणार असाल तर यांना ते नीट पकडत नाहीत, वेगळे प्रायमर लागतात.

सल्फेटवाले थोडे का, याचं उत्तर बहुधा तुमच्या पाण्यात सल्फेटच थोडं आहे हे असेल. समुद्रात सल्फेट २८ मिलिमोलर असतं, पावसाने भरणाऱ्या मऊ पाण्याच्या धरणात त्याच्या शंभरावा हिस्साही नसतो. ते पटकन संपतं आणि पुढचा कारभार मिथेनकडे जातो. मेंडोटात सल्फेट त्यामानाने भरपूर, म्हणून तिथे उन्हाळ्याच्या शेवटी तळाच्या पाण्याला हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि पाऱ्याचं विषारी मेथिल रूप बनवणाऱ्या जनुकांचा तिथे जो अभ्यास झाला त्यात सल्फेटवाले, आंबवणारे असे कितीतरी वेगवेगळे गट सापडले. म्हणून मेंडोटाच्या पेपरशी तुमची यादी जुळत नाही हे कन्टॅमिनेशनचं लक्षण धरू नका. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या आणि लाल मातीच्या भागात लोह आणि मँगनीज जास्त महत्त्वाचं ठरू शकतं. ते मोजलंय का? तुमच्या मेसेजमध्ये त्याचा उल्लेख नाही. लोहाचं अजून एक महत्त्व आहे, लोह विरघळलं की त्याला धरून बसलेलं फॉस्फेट सुटतं, मॉर्टिमर यांनी १९४१-४२ मध्ये इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या गाळावर हे दाखवलं. ते फॉस्फेट मिक्सिंगच्या वेळी वर येतं आणि शेवाळाला खाद्य होतं. शेवाळ मरून परत तळाशी जातं. म्हणजे एका उन्हाळ्यातला ऑक्सिजनचा तुटवडा पुढच्या तुटवड्याची सोय करून ठेवतो. एक सावधगिरी, डीएसआरए जनुक (सल्फेटवाल्यांच्या श्वसनातल्या एका एन्झाइमचं) दिसलं की सल्फेट वापरणारा असं धरू नका, सल्फाइड जाळणाऱ्या हिरव्या आणि जांभळ्या बॅक्टेरियांतही त्याचं उलट दिशेने चालणारं रूप असतं, फायलोजेनीवर, म्हणजे जनुकांच्या वंशवृक्षावर, टाकून बघावं लागतं.

विविधता वाढली हे बऱ्याच लोकांना खटकतं, कारण ऑक्सिजन नाही म्हणजे वाईट परिस्थिती आणि वाईट परिस्थितीत थोडेच टिकणार असं आपल्याला वाटतं. पण हे वाईट आपल्यासाठी आणि माशांसाठी. वरच्या पाण्यात सगळ्यांचा धंदा साधारण एकच, विरघळलेला कार्बन घ्या आणि ऑक्सिजनवर जाळा, त्यात छोट्या जीनोमचे चार-पाच वंश, एसी-वन त्यातलाच, बहुतांश जागा खाऊन टाकतात. खाली कामाची वाटणी होते. एक मोठे रेणू तोडतो, दुसरा त्याचं आम्ल आणि हायड्रोजन बनवतो, तिसरा तो हायड्रोजन उचलतो आणि उचलला नाही तर दुसऱ्याचं काम ठप्प होतं. कुणालाच एकट्याने मोठा हिस्सा मिळत नाही. त्यात गाळातून येणारे, अतिशय छोटे दुसऱ्यांवर अवलंबून जगणारे पॅटेसिबॅक्टेरिया, आणि फेब्रुवारीचे उरलेले, असं सगळं मिळून विविधतेचा इंडेक्स (शॅनन वगैरे) वर जातो. हे अनेक थरवाल्या तलावांत दिसलंय. त्यातही उरलेल्यांचा वाटा कालांतराने घटतो आणि खऱ्या ऑक्सिजनहीन मंडळींचा वाढतो, त्यामुळे मे च्या सुरुवातीला आणि शेवटी इंडेक्स सारखा आला तरी आत वेगळे लोक असू शकतात. नुसत्या शॅननच्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका.

थोडं विषयांतर करतो कारण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वित्झर्लंडच्याच झूग तलावात खोल ऑक्सिजनहीन पाण्यात एक सिलिएट सापडला, म्हणजे केसाळ एकपेशीय प्राणी, त्याच्या पोटात एक बॅक्टेरिया कायमचा राहतो आणि तो नायट्रेटवर श्वसन करून त्या प्राण्याला एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, पुरवतो, आपल्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया करतो ते काम. २०२१ मध्ये आलं हे. आपण बॅक्टेरियांच्या याद्या करतो आणि त्यांना खाणारे कोण हे विसरतो. ऑक्सिजन गेला की बरेचसे भक्षक जातात पण सगळे जात नाहीत, आणि कोण टिकला यावरही तुमच्या यादीत कोण जास्त दिसणार हे ठरतं.

टक्केवारीबद्दल एक गोष्ट, इथे फार लोक फसतात. समजा एसी-वनचा हिस्सा ४० टक्क्यांवरून २० वर आला, पण त्याच वेळी एकूण पेशी दुप्पट झाल्या, तर एसी-वन जेवढे होते तेवढेच आहेत, कुणी मेलेलं नाही. त्यामुळे प्रत्येक सॅम्पलची पेशीगणना हवी, फ्लो सायटोमीटर (पेशी आपोआप मोजणारं यंत्र) नसेल तर फॉर्मलिनमध्ये थोडं पाणी ठेवून डॅपी (डीएनएला चमकवणारा रंग) लावून मायक्रोस्कोपखाली मोजा, वेळखाऊ आहे पण स्वस्त आहे.

पुढच्या वेळचं. पावसाळ्यात तुमचं धरण मिक्स होईल आणि कोंडलेलं सगळं वर येईल, मिथेनचा काही भाग हवेत जाईल, काही मिथेनवाले खातील, अमोनियमवर नायट्रिफायर (अमोनियमचं नायट्रेट करणारे) येतील पण ते हळू वाढतात म्हणून त्यांना वेळ लागेल. त्यानंतर तिलारीसारखंच वागलं तर ऑक्टोबर हीटमध्ये परत थर बसेल. तेव्हा फक्त वरून आणि तळाजवळून असं दोनच ठिकाणचं पाणी घेऊ नका. दर मीटरला डीओ आणि तापमान, आणि जिथे डीओ पडतो त्या पट्ट्यात अर्ध्या मीटरला पाणी. एकदाच नाही, थर बसायला लागल्यापासून शक्य असेल तर दर आठवड्याला, म्हणजे शून्य कधी आलं ती तारीख हातात राहील. फिल्टर बोटीवरच करा, कारण तळाचं पाणी हवेत आलं की आरएनए मिनिटांत बदलतं आणि लोह साचून फिल्टर तुंबतो. सल्फाइडचं पाणी झिंक अ‍ॅसिटेटमध्ये लगेच बांधून घ्या, मिथेनसाठी बाटली काठोकाठ भरा, बुडबुडा राहू देऊ नका. पैसे कमी असतील, ते असतातच, तर सगळं सिक्वेन्स करायची गरज नाही, सगळे फिल्टर गोठवून ठेवा, आधी नायट्रेट, अमोनियम, लोह, मँगनीज, सल्फाइड मोजा आणि जिथे रसायन बदलताना दिसतं तेवढेच फिल्टर सिक्वेन्सिंगला पाठवा. उरलेले नंतर कधीही पाठवता येतात, पण न घेतलेलं पाणी परत मिळत नाही.

गाईडशी बोलताना कन्टॅमिनेशन नाहीच असा हट्ट धरू नका, त्यांची शंका रास्त आहे, इतक्या थोड्या सॅम्पलवर कुणीही ती घेईल. वर सांगितलेली फेब्रुवारी विरुद्ध मे ची तुलना एका संध्याकाळचं काम आहे, एएसव्ही टेबल तुमच्याकडे आहेच, तो आलेख काढून त्यांच्यासमोर ठेवा. प्रमाण मे च्या वरच्या पाण्याशी जुळलं तर त्यांचं बरोबर, सॅम्पल बाजूला ठेवा आणि बाटलीचं झाकण तपासा. फेब्रुवारीशी जुळलं तर मे चं सॅम्पल थिसिसमध्ये राहील, फक्त तिथे तळाचं पाणी किती दिवस कोंडलेलं होतं ते लिहावं लागेल, आणि त्यासाठी धरणावर पाण्याचं तापमान रोज नोंदवतात का हे तिथल्या ऑफिसात जाऊन विचारा. आलेख काढलात की इथे टाका, मी बघतो.